वहीतले तीन रकाने: मत तपासून निर्णय कसा घ्यावा

निर्णय घेताना आपण जी वाक्ये बोलतो ती साधारण तीन जातींची असतात. काही गोष्टी आपल्याला माहीत असतात, काही वाटत असतात आणि काही हव्या असतात. बोलताना मात्र तिन्हींचा सूर एकच लागतो, आणि घरातले बहुतेक वाद तिथेच चिघळतात. म्हणून एखादा प्रश्न मोठा वाटू लागला की शाळेची साधी दोनशे पानी वही घ्यावी, पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करावेत आणि त्यांना ‘माहीत आहे’, ‘वाटते’ आणि ‘हवे आहे’ अशी नावे द्यावीत. पानाच्या वर प्रश्न आणि तारीख लिहावी. मोबाईलवरही हे करता येईल, पण चौघांनी एकाच पानावर वाकून लिहिण्याचा परिणाम वेगळा होतो, असा माझा अनुभव आहे.

आमचा प्रश्न होता लालबागच्या चाळीतली खोली सोडून कल्याणला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जावे की नाही, हा. पहिल्या संध्याकाळी ‘माहीत आहे’चा रकाना भरून वाहिला. मग प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ असे लिहायला घेतले, आणि ज्या वाक्याला कागद, मोजमाप किंवा प्रत्यक्ष पाहणे यांपैकी काहीच आधार देता आला नाही, ते खोडून शेजारच्या ‘वाटते’ रकान्यात नेले. शेवटी पहिल्या रकान्यात फक्त घराची किंमत, कर्जाचा मासिक हप्ता आणि सोसायटीचा देखभाल खर्च एवढेच उरले. ही खोडाखोड जीवावर येते, कारण आपण किती गोष्टी गृहीत धरून चाललो होतो हे तिच्यातून दिसते. तरी ती टाळू नये.

‘वाटते’ रकान्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: त्याची खात्री दहापैकी किती आहे, आणि काय दिसले तर आपण ते मत सोडू. माझे वाक्य होते, ‘कल्याणहून दादरला तासाभरात पोहोचता येते.’ खात्री मी दहापैकी नऊ लिहिली होती. मत तपासण्यासाठी सोमवार ते गुरुवार नणंदेकडे कल्याणला राहिले आणि रोज तिच्या दारातून निघाल्यापासून दादरच्या ऑफिसात टेबलाशी बसेपर्यंतची वेळ वहीच्या मागच्या पानावर लिहिली. सोमवारी शेअर रिक्षाच्या रांगेतच पंधरा मिनिटे गेली. फास्ट लोकल आली तेव्हा महिलांच्या डब्याच्या दाराशी एवढी गर्दी होती की आत शिरण्याआधीच गाडी सुटली. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पर्स पुढे घ्यायला सांगितले आणि पुढच्या गाडीला मला अक्षरशः आत ढकलले. चार दिवसांचे आकडे असे होते: 1 तास 40 मिनिटे, 1 तास 25 मिनिटे, 1 तास 30 मिनिटे आणि गाड्या उशिरा धावत होत्या त्या गुरुवारी 2 तास 5 मिनिटे. माझ्या मनातला तास चुकीचा नव्हता, पण तो फक्त गाडीतल्या प्रवासाचा होता, आणि निर्णयासाठी हवा होता तो दारापासून टेबलापर्यंतचा वेळ. एखादे मत चार दिवसांत आणि थोड्या पैशांत तपासता येत असेल, तर त्यावर महिनोन्‌महिने वाद घालू नये.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबाबतही एक काळजी घ्यावी लागते. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याची नोंद होती सुमारे 73 मिलिमीटर. त्या दिवशी कुलाब्यात खिडकीशी बसून ‘आज नेहमीसारखाच पाऊस आहे’ असे म्हणणारा माणूस खरेच बोलत होता, पण ते खरेपण त्याच्या खिडकीपुरते होते. म्हणून ‘मी स्वतः पाहिले आहे’ असे लिहिताना कुठून, केव्हा आणि किती वेळा पाहिले, हेही लिहावे. कल्याणच्या माझ्या चार दिवसांपुढे मी ‘फेब्रुवारी, पाऊस नाही’ असे लिहून ठेवले आहे.

तिसऱ्या रकान्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण ‘हवे आहे’ची वाक्ये बहुधा पहिल्या दोन रकान्यांत लपून बसलेली असतात. आमच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून ‘तिकडे पाण्याची बोंब आहे’ असे म्हणत होत्या. मी इमारतीतल्या तीन कुटुंबांना विचारून आले. पाणी दोन्ही वेळा येत होते. त्यावर सासूबाईंनी धुळीचा विषय काढला, मग दवाखान्याचा. तेव्हा मी वही बाजूला ठेवून विचारले, ‘आई, हे सगळं नीट असेल, तर तुम्ही याल का?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, मला दिवसभर दार उघडं ठेवून बसता आलं पाहिजे. तिथे सगळ्यांची दारं बंद असतात.’ हे वाक्य मी तिसऱ्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत लिहिले. पाण्याबद्दलचा दावा खोडता येतो, पण उघड्या दाराची ओढ खोडायची नसते. ती कर्जाच्या हप्त्याइतक्याच गंभीरपणे मोजायची असते. समोरचा माणूस एकामागून एक कारणे बदलू लागला की त्याचे प्रत्येक कारण खोडत बसण्यापेक्षा ‘हे सगळे जमले तर चालेल का?’ हा प्रश्न विचारावा. तो स्वतःलाही विचारावा.

श्रद्धेच्या बाबतीतही हे रकाने उपयोगी पडतात. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहून मन शांत होत असेल, तर ते तिसऱ्या रकान्यात लिहावे. त्याला कोणाच्या पुराव्याची गरज नाही. परंतु 21 सप्टेंबर 1995 ला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली, तो जगाविषयीचा दावा होता आणि म्हणून तपासण्याजोगा होता. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिले, तेव्हा ते मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाले म्हणून लोकांनी ते बाटल्यांत भरून नेले. पावसाळ्यात मिठी नदीचे गोडे पाणी खाडीत येते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने वर राहते. पण त्याच मिठीतून सांडपाणीही येते. भक्तीला धक्का न लावता हे सांगता येते आणि सांगायला हवे, कारण ते पाणी लहान मुलांनाही पाजले जात होते.

मोबाईलवर येणाऱ्या कोणत्याही मजकुराची सुरुवातीची जागा ‘वाटते’ रकान्यातच असावी. फॉरवर्ड वाचून राग किंवा भीती उसळली, तर पुढे पाठवण्याआधी हे कोणी पाहिले, केव्हा आणि कुठे, हे विचारावे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाचांची ती मर्यादाही माझ्या मते घरच्या माणसाला जास्तच आहे.

पैशांच्या बाबतीत काही गोष्टी शांत वेळी ‘माहीत आहे’मध्ये लिहून ठेवाव्यात, म्हणजे घाईच्या क्षणी विचार करावा लागत नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पोलीस असल्याचे भासवून कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचे सांगितले, तरी असा प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. आमच्याकडे हे पान फ्रिजवर चिकटवले आहे. एआयच्या चॅटबॉटने दिलेले उत्तरही सफाईदार भाषेला न भुलता दुसऱ्या रकान्यात ठेवावे आणि औषध, कायदा किंवा पैसा यांचा संबंध असेल तिथे मूळ कागद पाहूनच पहिल्यात न्यावे.

तिन्ही रकाने भरल्यावर निर्णय लिहावा, खाली घरातल्या सर्वांनी सही करावी आणि पान पुन्हा कधी उघडायचे तेही ठरवावे. आम्ही तूर्त कल्याणला गेलो नाही. पावसाळ्यात मी आणखी चार दिवस नणंदेकडे राहून वेळा मोजणार आहे, आणि दारे उघडी असलेल्या एखाद्या मजल्यावर घर मिळते का, हे पाहण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. पानावर पुढची तारीख 15 जुलै अशी आहे.