साध्या फोनवर साडीचा रंग खरा कसा आणायचा

साडी घेणाऱ्या बाईला फोटोत दोनच गोष्टी बघायच्या असतात: रंग नेमका कोणता आणि काठ-पदर कसा आहे. मी सदाशिव पेठेतल्या राहत्या घरातून साड्या विकते. इरकल, नारायणपेठ, खण, क्वचित एखादी पैठणी. गिऱ्हाईक बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरचं, म्हणजे फोटोतला रंग चुकला की साडी कुरिअरने परत. फोन माझा दहा हजारांच्या आतला आहे आणि त्यावर रंग खरा येतो. फक्त फोनला त्याच्या मनाचं करू द्यायचं नाही.

आधी लेन्स पुसा. पोळ्यांचं तूप लागलेल्या हाताने फोन उचलला की काचेवर पुसट थर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण जरीची चकाकी फोटोत धुरकट पसरते. जुन्या मलमलीचा धुतलेला तुकडा पुरतो. साडीचा पदर मात्र नको, त्यात धूळ असते.

आता उजेड, कारण निम्मं काम तिथेच होतं. आमची गॅलरी उत्तरेला आहे. तिथे वर्षातले बरेच महिने थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, आणि कापडाला तोच मानवतो. उन्हात साडीची जर पांढरीफटक चमकते आणि घड्यांच्या आत काळोख होतो. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं. मग मी खाट दोन हात आत ओढते. पाऊस लागला की प्रश्नच मिटतो. ढगाळ दिवस साडीच्या फोटोला सगळ्यात चांगला, लोक उगाच ऊन पडायची वाट बघतात.

समोरच्या भिंतीकडेही लक्ष ठेवा. आमच्या समोरच्या इमारतीला आंबा रंग दिला आहे. तिच्यावर ऊन पडलं की गॅलरीत येणारा उजेडच पिवळट होतो आणि मोतिया साडी हळदीत बुडवल्यासारखी दिसते. म्हणून मोतिया, पांढऱ्या, फिक्या गुलाबी साड्या मी ऊन त्या भिंतीवर यायच्या आत उरकते. गडद रंग नंतर काढले तरी चालतात. घरातली ट्यूब आणि बल्ब बंदच. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की साडीची एक बाजू निळसर, दुसरी पिवळसर. फ्लॅशचा तर विषयच काढू नका.

खाटेवर पांढरी चादर, तिच्यावर साडी. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानांत मिळतो तसला. खिडकीतून आलेला उजेड त्यावरून परततो आणि सावलीतल्या घड्या उघडतात. चमकणारा कागद नको, त्याचे डाग पडतात.

कॅमेरा समोर दिसेल त्याला मध्यम उजेडाचं समजून चालतो. चौकटभर काळी चंद्रकळा असली की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो फोटो उजळतो आणि काळ्याचा राखाडी होतो. संक्रांतीच्या आधी काळ्या साड्या सगळेच विकायला काढतात, त्यांतल्या निम्म्या फोटोत पाटीच्या रंगाच्या दिसतात त्या यामुळे. मोतिया साडीचं नेमकं उलटं, ती मळकट येते. उपाय असा: पडद्यावर साडीवर बोट ठेवून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतो. मग शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते काळ्यासाठी खाली आणि फिक्यासाठी जरासं वर सरकवा. काही फोनांत हे चिन्ह नुसत्या टिचकीनेही येतं. लाल आणि राणी रंगालाही थोडं खालीच. इरकलीचा लाल टोपपदर उजळ निघाला तर त्यातली पांढरी नक्षी लालात विरघळते, आणि गिऱ्हाईक तर तीच बघून साडी घेतं.

फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवू नका. ढगाचं किंवा उन्हाचं चिन्ह निवडा. ढगाच्या चिन्हाने फोटो जरा उबदार येतो. साडी हातात धरून पडद्याशी ताडून बघा, जे जुळेल तेच सगळ्या साड्यांना ठेवा. ‘प्रो’ नसेल तर चौकटीच्या कडेला चादरीचा पांढरा भाग येऊ द्या. ब्यूटी, फिल्टर, एआय, सगळं बंद. जांभळ्याला निळा करण्यात एआयचा हातखंडा आहे.

धूपछांव साडी एका फोटोत बसत नाही. ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, त्यामुळे बघायची दिशा बदलली की रंग बदलतो. एक फोटो वरून सपाट, एक घडी हातावर टाकून कडेने, आणि खिडकीपाशी पदर सावकाश फिरवत छोटा व्हिडिओ. तिन्ही पाठवले की ‘नक्की हिरवी का जांभळी?’ हा फोन येत नाही.

काठ जवळून दाखवताना लेन्स साडीला चिकटवू नका. वीतभर अंतर ठेवा, नंतर फोटो कापा. बोटांनी झूम केलं तर नुसते दाणे मोठे होतात. आणि फोनच्या मागे अगदी जवळून फोटो काढायला जी दोन मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स देतात, ती जाहिरातीपुरती. नेहमीची लेन्सच वापरा.

नेसलेल्या साडीचा फोटो भाची काढते, आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या तोंडाशी. वर छप्पर, समोरून उजेड. मागच्या स्कूटर दोन मिनिटं हलवाव्या लागतात, त्याबद्दल तळमजल्याकडून एक टोमणा ठरलेला. सारसबागेत झाडाखाली उन्हाचे ठिपके साडीवर पडतात. शनिवारवाड्यापुढे बरं, कारण दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात ती बाजू सावलीत असते. पण आकाश चौकटीत घेतलं की चेहरा काळा पडतो, तेव्हा मागे भिंतच येऊ द्या. फोन कमरेच्या उंचीवर धरून सात-आठ पावलं मागे जा. डोक्याच्या उंचीवरून काढलं तर निऱ्या आखूड आणि बाई बुटकी दिसते. खालचा काठ जमिनीपर्यंत आलाच पाहिजे.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर एचडी निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर काठाची बारीक बुट्टी दाबली जाते. आणि साडी विकली गेली तरी मूळ फोटो महिनाभर ठेवा. ‘तसलीच दुसऱ्या रंगात आहे का?’ हा निरोप हमखास येतो, बहुतेक वेळा मैत्रिणीच्या मैत्रिणीचा.