सोया सॉसमधले चिकन विंग्ज: खारटपणा असा गेला

माझे विंग्ज दर वेळी खारट व्हायचे. कारण उशिरा कळलं: मी सुरुवातीलाच रसाची चव जुळवून ठेवायचे. रस आटून निम्मा झाला तरी मीठ तेवढंच राहतं, म्हणजे खारटपणा दुप्पट! आता १ किलो विंग्जना सोया सॉस ४ मोठे चमचेच, बाकी पाणी, आलं, लसूण, थोडी साखर. मीठ लागलंच तर शेवटी.

कातडं रबरासारखं लागायचं, तेही सुटलं. विंग्ज कोरडे पुसून आधी लालसर परतते, मग झाकून मंद आचेवर ३५ मिनिटं. खळखळ उकळू देत नाही. कातड्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन विरघळून रस आपोआप चिकट होतो, कॉर्नफ्लोअर लागतच नाही. शेवटी झाकण काढून तोच रस वरून घालत राहते, विंग्ज चकचकीत होईपर्यंत.