भेळेच्या पुड्यात पॅन नंबर

मी एका करसल्लागाराचं ऑफिस सांभाळते. एका संध्याकाळी आमच्या शिपाईमामांनी भेळ आणली. पुडा उलगडला, तर आत आमच्याच क्लायंटचा फॉर्म १६! नाव, पॅन, पगार, सगळं चिंचेच्या चटणीखालून स्वच्छ वाचता येत होतं. रद्दी आम्हीच किलोवर विकलेली. भेळ कुणाच्या घशाखाली उतरली नाही.

कागद फाडायचा श्रेडर होता हो, पण उभ्या पट्ट्या काढणारा. कागद आडवा गेला की ओळ पट्टीवर अख्खी उरायची. मी पट्ट्या टेबलावर पसरल्या, दहा मिनिटांत एक पॅन जुळला. मग साहेबांच्या मागे लागून उभं-आडवं दोन्ही कापणारं क्रॉस-कट मशीन घेतलं, कागद किती बारीक व्हावा हे सांगणाऱ्या डिन ६६३९९ या जर्मन मानकातल्या पी-४ पातळीचं. यात तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा.

पहिल्याच दिवशी अडकलं. मी अख्खा गठ्ठा कोंबला होता, चूक माझीच. आता सात-आठ पानंच घालते, गरम होऊन बंद पडलं की चहा. पात्यांना श्रेडरचंच तेल.

फाडण्याआधी तारीख बघते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावीच लागतात, अपील चालू असेल तर हातही लावायचा नाही. बाकीचं, म्हणजे फाडायचं ते, तोवर कुलूपबंद पेटीत, किल्ली माझ्याकडे.

रद्दीवाला म्हणतो, "ताई, या भुश्याला भाव नाही." शेजारचे क्रोकरीवाले मात्र कप बांधायला पोतं भरून नेतात.