रात्री झोप उडते तेव्हा
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलरची घरघर चालू असूनही रात्री दोनला डोळे टक्क उघडे राहतात आणि दिवसा किरकोळ वाटलेली काळजी छातीवर दगडासारखी बसते. अशा वेळी घड्याळ मुळीच पाहू नये. किती तास उरले याचा हिशेब झोप आणखी लांबवतो. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसावे, मनातले कागदावर उतरवावे (‘सिलिंडर लावणे, बाबांची गोळी’ इतके साधेही चालेल) आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणाकडे वळावे, कारण तिथे तळमळत पडून राहिल्यास मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतो. सकाळी मात्र, रात्र कशीही गेली तरी, ठरलेल्या वेळीच उठावे. हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुपारनंतर चहा टाळावा. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, तर डॉक्टरांना भेटावे, मनाने झोपेची गोळी घेऊ नये. आणि जीव फारच घाबरला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मध्यरात्रीही बोलता येते.