बिघडलेल्या हाफ मॅरेथॉननंतर पुन्हा उभं राहायचं तर

अडीच तासांचा झेंडा पाठीवर घेऊन मी हाफ मॅरेथॉनमध्ये पेसर म्हणून, म्हणजे घोळक्याला ठरलेल्या वेळेत पोहोचवण्यासाठी एकसारख्या वेगाने, धावते. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये आमच्या घोळक्याला ओलांडून झपाट्याने पुढे गेलेले कितीतरी जण 16व्या-17व्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून चालताना भेटतात. दोन शब्द बोललं की उत्तर ठरलेलं असतं, ‘पुढच्या वेळी सराव वाढवतो.’ माझं म्हणणं असं की आधी रेस नेमकी कुठे आणि कशाने बिघडली ते शोधा. पुष्कळदा सराव पुरेसा झालेला असतो, गडबड दुसरीकडेच असते.

हा शोध त्याच संध्याकाळी घ्यायला बसू नका. पायांचा ठणका दोन-तीन दिवस राहतो आणि तोवर डोकंही ‘हे आपलं काम नाही’ एवढंच म्हणत असतं. ठणका उतरला की घड्याळातली नोंद उघडा. घड्याळ नसेल तर आयोजकांनी दिलेल्या, वेळ मोजणाऱ्या चिपच्या निकालात मधल्या टप्प्यांच्या वेळा बहुधा असतात. प्रत्येक किलोमीटरचा पेस, म्हणजे त्याला लागलेली मिनिटं-सेकंद, कागदावर एकाखाली एक लिहून काढा. स्क्रीनवरच्या आलेखात सगळं गुळगुळीत दिसतं. हाताने लिहिलेला आकडा बोचतो, आणि तो बोचायलाच हवा.

आता ती यादी वाचा. सुरुवातीचे चार-पाच किलोमीटर ठरवल्यापेक्षा वेगात आणि 12-13पासून थोडी थोडी घसरण असेल, तर पेस चुकला. 15पर्यंत सगळं एकसारखं आणि मग अचानक पाय उचलेनासे झाले, डोकं सुन्न झालं, तर खाणं कमी पडलं. पेस नेहमीचाच पण हृदयाचे ठोके पहिल्यापासून चढे असतील, तर ऊन, दमट हवा, अपुरी झोप किंवा अंगात मुरलेलं आजारपण यांपैकी काहीतरी होतं. आणि बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखत असेल, तर पुढचं वाचणं थांबवा आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. हाड दाबल्यावर दुखत असेल तर आजच.

मला भेटणाऱ्यांत पहिलाच प्रकार सर्वांत जास्त, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

लक्ष्य मनात आलं म्हणून ठरवू नका. पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरने 1977मध्ये मांडलेलं एक सूत्र धावणाऱ्यांत आजही चालतं. त्याचा हाफसाठी सोपा अर्थ असा: अलीकडे जीव तोडून धावलेल्या 10 किलोमीटरच्या वेळेला 2.2ने गुणा. 60 मिनिटं लागली असतील तर हाफ सुमारे 2 तास 12 मिनिटांत, 68 मिनिटं लागली असतील तर अडीच तासांत. लाँग रन (सरावातल्या लांब अंतराच्या धावा) नीट झालेले नसतील तर मी त्यावर आणखी पाच मिनिटं घालायला सांगते. लोक नाराज होतात. होऊ देत.

दुसरी भानगड घड्याळाची. अंतर 21.0975 किलोमीटर, म्हणजे अडीच तासांसाठी पेस 7:06. पण अधिकृत मार्ग मोजतात तो खास मापून घेतलेल्या सायकलने, प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या रेषेवर. शिवाय मार्ग तोकडा पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. तुम्ही मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्यासाठी बाजूला जात धावता, म्हणून शेवटी घड्याळात 21.3सुद्धा दिसतात. घड्याळावर 7:06 राखून हे अंतर धावलात, तर अडीच तासांच्या वर मिनिटभरापेक्षा जास्त जातं. घड्याळावर 7:02 धरा. त्याहून बरं म्हणजे घड्याळात दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप (टप्प्याची नोंद) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा.

रेसच्या दिवशी पहिले तीन किलोमीटर लक्ष्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. अडीच तासवाल्याने 7:15 ते 7:20. हे फार कठीण जातं, कारण पाय ताजे असतात आणि सगळं जग पुढे चाललेलं दिसतं. चिपची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यावर सुरू होते, त्यामुळे पुढे घुसून उभं राहण्यात काही मिळत नाही. तीनपासून 16पर्यंत ठरलेला पेस. पुढचं त्या दिवशीच्या पायांवर सोडा.

खाण्याबद्दल थोडक्यात. दोन तासांहून जास्त वेळ रस्त्यावर राहणाऱ्याने तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. एका जेलमध्ये (धावताना घ्यायचा पाकिटातला गोड, घट्ट रस) साधारण 20-25 ग्रॅम असतात, पाकिटावर बघा. पहिलं जेल 40-45 मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता, पाण्याबरोबर. आणि हेच जेल आधी लाँग रनला घेऊन पोटाची परीक्षा झालेली हवी.

पाणी तहानेप्रमाणे. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवणारे मी पाहिले आहेत. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं, आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं होतं, त्यांच्यात हा धोका जास्त होता. रेसआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर तीही सोडा. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात.

रेस उन्हाने बिघडली असेल तर तुमच्या सरावात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नाही. उष्णतेला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे मिळत नसतील, तर त्या दिवसाचं लक्ष्य पहिल्या पावलापासूनच सैल करा. दहाव्या किलोमीटरला सैल करून उपयोग होत नाही.

पुढची रेस कधी? आठवडाभर हलकं राहा, मग दहा-बारा आठवडे द्या. ब्रिटिश मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफने ऑगस्ट 2004मध्ये अथेन्स ऑलिंपिकची मॅरेथॉन अर्धवट सोडली आणि अकरा आठवड्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. तिचं शरीर आणि तिची तयारी आपली नव्हे, पण एका वाईट दिवसाने महिन्यांची कमाई पुसली जात नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

या आठवड्यांत बरंचसं धावणं पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं सावकाश ठेवा. लाँग रन हळूहळू 16 ते 18 किलोमीटरपर्यंत न्या. एकाआड एक लाँग रनमध्ये शेवटचे चार-पाच किलोमीटर रेसच्या पेसने धावा. गेल्या वेळी तुमचे पाय जिथे बसले, त्याच अवस्थेतला हा सराव आहे, आणि एकच बदल करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणा, मात्र मधूनमधून थोडं वेगात धावणं चालू ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात.

मागच्या वेळी जिथे मोडलात तो किलोमीटर यंदाही येणार. तिथे धाडस गोळा करायला जाऊ नका, काय करायचं ते घरीच ठरवून ठेवा. समजा 15वा असेल, तर 14च्या पुढच्या पाण्याच्या टेबलाशी 30 सेकंद चाला, जेल घ्या, खांदे सैल सोडा, मग पुढे. चालण्याची लाज वाटते? हिशेब करा. 30 सेकंदांत चालून सुमारे 50 मीटर होतात. तेवढंच अंतर 7:06च्या पेसने धावायला 21 सेकंद लागतात. म्हणजे नऊएक सेकंद गेले. माझा घोळका पहिल्या टेबलापासून असं चालतो आणि अडीच तासांच्या आत पोहोचतो.

एवढं करूनही दिवस उलटला, तर नुसत्या थकव्याला घाबरू नका, पेस उतरवा आणि पुढे चला. पण छातीत दुखणं, गरगरणं, बोलताना शब्द न जुळणं, कडक उन्हात अंगावर शहारे येणं, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि वैद्यकीय मदतीला हात करा. बिबच्या (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे घरच्या माणसाचा नंबर आणि तुम्ही घेत असलेल्या औषधांची नावं लिहिलेली असू द्यात. पेन आदल्या रात्रीच शोधा, पहाटे सापडत नाही.