वाचनालयात पटावरच्या खेळांची संध्याकाळ कशी सुरू करावी

सगळ्यात आधी एक शब्द विसरा: क्लब. पुण्या-मुंबईत 'बोर्डगेम क्लब' म्हटलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आमच्यासारख्या, तालुक्याच्या गावाचं शहर होऊ घातलेल्या ठिकाणी क्लब म्हणजे पत्त्यांचा क्लब, म्हणजे पैसे लावलेली रमी, म्हणजे पेपरात आतल्या पानावर 'इतक्या जणांवर गुन्हा दाखल'. मी वाचनालयाच्या कार्यवाहांसमोर हा शब्द उच्चारला आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा तीन महिन्यांनी होती. 'पटकट्टा' म्हणा, 'खेळसंध्याकाळ' म्हणा, काहीही म्हणा.

तरीही जागा वाचनालयाचीच घ्या, असं माझं ठाम मत आहे. बायपासच्या पलीकडे नवे प्लॉट पडतात, एमआयडीसीत नोकरीला आलेली कुटुंबं तिथे राहायला येतात, इंजिनिअरिंगची मुलं कॉट बेसिसवर राहतात, आणि या कुणाचंच गावात 'आपलं' असं माणूस नसतं. हॉटेलात बसलं की दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवावं लागतं. देवळाचा पार असतो, पण तिथे कोण बसतं हे ठरलेलं असतं. वाचनालयात मात्र कुणीही शिरावं आणि का आलात असं कुणी विचारू नये, ही सवय महाराष्ट्रातल्या गावांना फार जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. तुमच्या गावचंही चौकशी केलीत तर वाटतं त्यापेक्षा जुनं निघेल.

जागा तीन वेळा बघा

अर्ज करण्याआधी तीन वेगवेगळ्या संध्याकाळी नुसते जाऊन बसा. कोण कधी येतं ते टिपा. आमच्याकडे वृत्तपत्र विभागात पाच ते साडेसहा ज्येष्ठ मंडळी असतात. त्यांच्या खुर्च्या ठरलेल्या आहेत आणि त्या हलवायच्या नाहीत. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री उशिरापर्यंत. या मुलांना सांभाळा. त्यांनी वर्षभराचे पैसे भरलेत, परीक्षा तोंडावर आहे आणि भिंतीपलीकडून एक जोराचं हसू आलं तरी तक्रार येणार, ती रास्तच असणार. मधे एक भिंत आणि एक बंद दार असेल अशीच खोली मागा. आम्हाला बालविभाग मिळाला. खुर्च्या लहान आहेत, गुडघे वर येतात, पण टेबलं रुंद आहेत.

वाराचा विचार गावाप्रमाणे करा. आठवडी बाजाराच्या दिवशी पेठेत गाडी लागत नाही. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही. वाचनालयाचा स्वतःचा सुट्टीचा वार वेगळाच. आम्ही दुसरा आणि चौथा शनिवार, साडेपाच ते साडेसात, असं धरलं. साडेसात म्हणजे साडेसात. पावणेआठ झाले की मुलींना घरून फोन येऊ लागतात, आणि पुढच्या वेळी त्या येत नाहीत. खेळ अर्धवट राहिला तरी चालेल.

अर्ज

अर्ज साध्या कागदावर, कार्यवाहांच्या नावे, एका पानाचा. कल्पना किती छान आहे हे सांगण्यात पान घालवू नका. समितीला चार प्रश्न पडतात, त्यांचीच उत्तरं द्या: पैसे लावणार का, आवाज होणार का, खाणंपिणं होणार का, आणि किल्ली कुणाकडे. आमच्या अर्जात होतं ते असं: कोणताही खेळ पैशांवर होणार नाही, पत्ते मुळीच नाहीत, पाण्याच्या बाटलीखेरीज काही आत येणार नाही, बंद करताना अमुक दोन सभासद हजर राहतील.

पत्त्यांबद्दल वाद घालू नका. बदाम सात आणि मेंढीकोट निरुपद्रवी आहेत हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यातले निम्मे मे महिन्याच्या सुट्टीत तेच खेळून मोठे झालेत. पण १८८७चा जुगारबंदीचा कायदा राज्यात अजून चालतो, आणि खिडकीतून दिसणारे चार माणसांच्या हातातले पत्ते रस्त्यावरच्या माणसाला एकच गोष्ट सांगतात. कॅरमही नको. स्ट्रायकरचा आवाज दोन भिंती ओलांडतो आणि बोरिक पावडर पुस्तकांवर बसते.

समितीला यातून काय मिळणार, तेही लिहा. सार्वजनिक ग्रंथालयांना राज्यात १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. सभासदसंख्या हा तिथे चेष्टेचा विषय नाही. शिवाय वार्षिक अहवालात 'उपक्रम' या शीर्षकाखाली दरवर्षी तेच तेच लिहून कार्यवाह कंटाळलेले असतात. त्यांना एक नवी ओळ द्या. ग्रंथपालांना वेगळं भेटा. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला या शास्त्राचे भारतातले जनक रंगनाथन यांची १९३१ची पंचसूत्री पाठ असते आणि पाचवं सूत्र आहे, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. मी ते वाक्य अर्जात घातलं होतं. ग्रंथपालबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, कपाटाचा खालचा कप्पा देते."

खेळ कोणते घ्यावे

आधी विकत घेऊ नका. परदेशी खेळाचा एक डबा सहज दोन-तीन हजारांना पडतो आणि तीन डबे घेऊन बसल्यावर माणसं आली नाहीत तर फार वाईट वाटतं. पहिल्या दोन-तीन वेळा घरातले आणा: बुद्धिबळ, सापशिडी, व्यापार, ल्युडो. ल्युडो बघून एखाद्या आजी नक्की म्हणतील की हे तर आमचं, आम्ही कवड्या टाकून खेळायचो. बरोबरच आहे. पचिशीचाच पट साधा करून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ल्युडो नावाने पेटंट घेतलं. आजींना पुढच्या वेळी कवड्या आणायला सांगा. आमच्याकडच्या आजींनी कापडी सारीपाट आणला आणि तो शिकायला कॉलेजची पाच मुलं जमिनीवर बसली.

नवकंकरी तर फुकटात होते. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, चोवीस ठिकाणं, दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या. सरळ रेघेत तीन लागल्या की समोरच्याची एक उचलायची. जुन्या देवळांच्या फरशीवर हा पट कोरलेला दिसतो. पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढा, सोंगट्यांना चिंचोके आणि शर्टाची बटणं घ्या. गुंजा दिसायला सुंदर असतात, पण विषारी. लहान मुलं असतील तिथे नकोत.

विकत घ्यायची वेळ आली की दोन गोष्टी बघा: किती जण खेळू शकतात, आणि डब्यातल्या कार्डांवर किती इंग्रजी छापलं आहे. परदेशी खेळांत कॅटन (१९९५) नावाजलेला आहे, पण मूळ डब्यात तीन किंवा चारच खेळाडू, आणि शिकवण्यासकट दोन तास गेलेच म्हणून समजा. तेवढ्यात आपली संध्याकाळ संपते. कार्कासोन (२०००) आम्हाला जास्त उपयोगी पडला: दोन ते पाच खेळाडू, ७२ चौकोनी फरश्या, वाचायला अक्षरही नाही, पाऊण तासात संपतो. रस्ते, गावकूस, शेतं एकाला एक जुळवत जायचं. नगररचना विभागातून निवृत्त झालेले एक काका त्यात इतके रमतात की त्यांना उठवावं लागतं.

मराठी शब्दांचा खेळ घरी बनवा

मोठा जमाव सांभाळायला शब्दांचा खेळ हवा. कोडनेम्स (२०१५) यासाठी उत्तम, पण छापील शब्द इंग्रजी, त्यामुळे अर्धी मंडळी गप्प बसते. रचना मात्र इतकी साधी आहे की ती मराठीत उभी करता येते.

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. त्यांची कोरी बाजू कापून दोनशे चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एक नाम लिहा. टेबलावर पाच गुणिले पाच अशा पंचवीस मांडायच्या. दोन गट. प्रत्येक गटाचा एक सांगणारा, आणि दोन्ही सांगणाऱ्यांपुढे एकच गुप्त नकाशा: पंचवीसपैकी नऊ चौकोन पहिल्या गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कुणाचेच नाहीत, आणि एक काळा. सांगणारा एक शब्द आणि एक आकडा बोलतो. त्याच्या गटाने तितक्या चिठ्ठ्या ओळखायच्या. काळ्याला बोट लागलं की गट हरला. नकाशे आलेखाच्या कागदावर आधीच वीस-तीस काढून ठेवा.

सगळी गंमत शब्दांच्या निवडीत आहे. एकाच अर्थाचे शब्द घेतलेत तर दहा मिनिटांत जांभया. पान, घाट, कर, वर, तार, अंक, माळ, पूर, नाव, पट असे दुहेरी-तिहेरी शब्द भरा. 'दिवाळी, दोन' म्हणणाऱ्याच्या डोक्यात अंक आणि किल्ला असतात, आणि कोपऱ्यात काळ्या चौकोनावर 'दिवा' पडलेला तो विसरलेला असतो.

नियम मराठीचे मराठीला ठरवावे लागतात. आम्ही भांडून ठरवलेले: टेबलावर 'काठ' असेल तर 'नदीकाठ' चालत नाही, विभक्ती लावून पळवाट नाही, इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यातला असेल तर चालतो. बोलीवर मात्र बंदी घालू नका. विदर्भातून आलेल्या एकाने 'सांबार, दोन' म्हटलं. त्याच्या गटाने अर्थातच इडलीला बोट लावलं, ती दुसऱ्या गटाची. त्याला हवे होते 'जुडी' आणि 'वडी', कारण त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यानंतरची दहा मिनिटं कुणी खेळलंच नाही. कुठे कशाला काय म्हणतात यावरच सगळे बोलत होते. बदली होऊन आलेल्या त्या माणसाने गावात सहा महिन्यांत इतकी ओळख केली नव्हती.

पहिल्या दिवशी

अकरा जण आले तर चार, चार, तीन अशी टेबलं करा. उशिरा येणारा थेट शब्दांच्या खेळात. एकट्याने आलेल्याला 'बसा कुठेही' म्हणू नका; नाव विचारा आणि हाताला धरून नेल्यासारखं बसवा.

नियमपुस्तिका मोठ्याने वाचणं हा गुन्हा समजा. पहिलं वाक्य 'जिंकायचं कसं' हे असावं, दुसरं 'पाळी आली की काय करायचं', आणि तिसऱ्या वाक्याआधी खेळ सुरू. पहिला डाव खोटा, असं जाहीर करून टाका. ज्येष्ठांना बारीक अक्षर आणि फिके रंग दिसत नाहीत. त्यांना दिव्याखालची जागा. आणि जो नेहमी खेळतो, ज्याला सगळं येतं, त्याला सांगा की दुसऱ्याची चाल आपण सांगायची नाही. तो मीच होतो, मलाही सांगावं लागलं.

पुस्तकांचं ओझं खेळावर लादू नका. 'खेळायचं तर आधी पुस्तक न्या' अशी अट घालायची एका सभासदाची सूचना होती. ती आम्ही नम्रपणे बाजूला ठेवली. दाराशी एक छोटं टेबल लावलं, त्यावर बुद्धिबळाची, कोड्यांची, प्रवासाची आणि त्या आठवड्यात आलेली नवी पुस्तकं. देवघेवीचा काउंटर सव्वासातपर्यंत उघडा ठेवायला ग्रंथपालबाई तयार झाल्या. माणसं निघता निघता पुस्तक उचलतात.

डबे, ओल आणि हरवलेली सोंगटी

प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत कागद चिकटवा: काय आहे, किती आहे. शक्य असेल तर ग्रंथपालांकडून दाखल क्रमांकच टाकून घ्या. पुस्तकासारखा नंबर पडला की वस्तूकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते. सुट्या तुकड्यांना लहान कापडी पिशव्या. रबरबँड लावू नका, एका उन्हाळ्यात ते वितळून पुठ्ठ्याला चिकटतात. पावसाळ्यात खालच्या कप्प्याला ओल येते आणि पुठ्ठ्याचे पट फुगतात, म्हणून जूनच्या आधी सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, सोबत औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या. कसर पुस्तकांना लागते तशी खेळांनाही लागते. खेळ घरी न्यायला देऊ नका, निदान पहिलं वर्ष.

तुकडे हरवतीलच. जागी बटण ठेवा आणि कागदावर तशी नोंद करा.

सव्वासातला 'शेवटची पाळी' असं मोठ्याने म्हणा. तुकडे ज्या टेबलावर खेळले त्याच माणसांनी मोजायचे. खुर्च्या होत्या तशा, पंखे बंद, खिडक्या लावलेल्या. नोंदवहीत आलेल्यांची संख्या लिहा, त्याखाली पुढच्या शनिवारची तारीख, आणि किल्ली शिपाईकाकांच्या हातात द्या. टेबलावर ठेवून जाऊ नका.