पुण्यात बसून व्यावसायिक आइस हॉकीच्या आरंभकाळाची वही कशी करावी

पुण्यात हॉकी म्हटले की खडकीची मैदाने आठवतात किंवा पिंपरीच्या नेहरूनगरातील मेजर ध्यानचंद स्टेडियम आठवते. बर्फावरची हॉकी आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. तरीही तिच्या पहिल्या व्यावसायिक संघांचा इतिहास इथे बसून नीट समजून घेता येतो, फक्त सुरुवात योग्य टोकापासून करावी लागते. बहुतेक जण स्टॅन्ली कपाच्या विजेत्यांची यादी पुढे घेतात आणि लवकरच गोंधळतात. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो कप हौशी संघांसाठी दिला, १८९३ मध्ये तो प्रथम प्रदान झाला आणि पुढे कित्येक वर्षे वेगवेगळ्या लीगचे संघ त्यासाठी एकमेकांना आव्हान देत राहिले. त्यामुळे त्या यादीवरून कोण जिंकले ते कळते, पण खेळाडूंना पैसे कोणी आणि का दिले याचा पत्ता लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की वहीचे पहिले पान रिंकला, म्हणजे हॉकी खेळायच्या बर्फाच्या मैदानाला, द्यावे.

हाताला वळण लागावे यासाठी आधी आपल्याच शहराचे एक पान भरावे. संघ, मालक, मैदान, पहिला व शेवटचा हंगाम आणि संपण्याचे कारण असे पाच रकाने आखून त्यात २०११ ते २०१३ चे पुणे वॉरियर्स आणि २०१६ व २०१७ या दोनच हंगामांचे रायझिंग पुणे सुपरजायंट हे क्रिकेट संघ लिहावेत. दुसरा संघ मुळातच निलंबित संघांच्या जागी दोन वर्षांसाठी आला होता, आणि २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाच्या आदेशामुळे त्याचे उरलेले घरचे सामने गहुंज्याहून विशाखापट्टणमला गेले होते. मालक, करार, मैदान आणि हवामान यांच्यावर संघाचे आयुष्य कसे अवलंबून असते, हे या एका पानावरून ध्यानात येते.

आता रिंककडे वळावे. नैसर्गिक बर्फावरचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असे आणि थंडी ओसरली की उत्पन्न थांबे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन गार्डन या रिंकमध्ये कृत्रिम बर्फ होता, आणि तिथल्या लीगने १९०१-०२ च्या सुमारास कॅनेडियन खेळाडूंना पैसे देऊन आणण्यास सुरुवात केली. त्यानंतर मिशिगनमधील तांब्याच्या खाणींच्या प्रदेशातील होटन गावाची नोंद करावी. तिथे डॉक गिब्सन या कॅनेडियन दंतवैद्याने पोर्टेज लेक्स हा संघ उभा केला, आणि १९०४ मध्ये पाच संघांची इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग सुरू झाली, जी उघडपणे व्यावसायिक असलेली पहिली लीग मानली जाते. तिच्यात सू सेंट मरी नावाचे दोन संघ आढळतील. एक मिशिगनचा आणि दुसरा नदीपलीकडील ओंटारिओचा, त्यामुळे गावापुढे प्रांत लिहिल्याशिवाय नोंद करू नये. ही लीग तीन हंगामांनंतर १९०७ मध्ये थांबली, कारण तोवर कॅनडातील संघही खेळाडूंना पैसे देऊ लागले होते. हंगाम नवे वर्ष ओलांडतो, म्हणून आपण आर्थिक वर्ष लिहितो त्याच पद्धतीने १९०६-०७ असे लिहावे.

सर्वांत जास्त वेळ १९०९ च्या हिवाळ्याला द्यावा. माँट्रियलच्या वाँडरर्स संघाच्या नव्या मालकाची स्वतःची ज्युबिली रिंक होती आणि त्याला सामने तिथे न्यायचे होते. ती रिंक लहान असल्यामुळे पाहुण्या संघांना तिकिटांच्या उत्पन्नातून मिळणारा वाटा घटणार होता, म्हणून इतर संघमालकांनी जुनी संघटना मोडून वाँडरर्सला वगळणारी नवी संघटना काढली. त्याच सुमारास ओंटारिओतील रेन्फ्र्यू या छोट्या गावाच्या, खाणी आणि रेल्वेच्या पैशावर उभ्या असलेल्या संघाचे मालक अॅम्ब्रोज ओब्रायन यांनाही त्यांनी प्रवेश नाकारला. नाकारलेल्या या दोन पक्षांनी २ डिसेंबर १९०९ रोजी नॅशनल हॉकी असोसिएशन स्थापन केली, आणि दोनच दिवसांनी फ्रेंच भाषक प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून माँट्रियल कॅनेडियन्स संघ जन्माला आला. प्रतिस्पर्धी संघटना जानेवारीतच कोसळली. रेन्फ्र्यूने सायक्लोन टेलर या खेळाडूला बारा सामन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलर दिल्याचे सांगितले जाते. हा आकडा खेळाडूंच्या नावांपेक्षा ठळक अक्षरांत लिहावा, कारण एका छोट्या गावाने एवढी रक्कम का मोजली हा प्रश्नच त्या काळाचे दार उघडतो.

पश्चिम किनाऱ्याचे पान तुलनेने सोपे आहे. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या बंधूंनी वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया येथे कृत्रिम बर्फाच्या रिंक बांधल्या आणि १९११ मध्ये पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन सुरू केली. मैदानाचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषा आणि पुढे पास देण्याची मुभा या गोष्टी तिथूनच खेळात आल्या, आणि १९१७ मध्ये याच लीगच्या सिअॅटल संघाने स्टॅन्ली कप प्रथमच अमेरिकेत नेला.

नॅशनल हॉकी लीगची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली. नॅशनल हॉकी असोसिएशनमधून टोरोंटो संघाचे मालक एडी लिव्हिंगस्टन यांना काढून टाकता येत नसल्याने उरलेल्यांनी त्यांच्याविना नवी लीग काढली, आणि १९०९ च्या पानाशेजारी हे पान ठेवले की मालकांची तीच युक्ती ओळखू येते. इथे वृत्तपत्रांचा आधार घ्यावा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने अंक विनामूल्य खुले केले आहेत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक वाचावा आणि त्यातील माहिती नंतरच्या आठवणींशी ताडून पाहावी.

शेवटी रिंकच्या पानावर परतावे. २ जानेवारी १९१८ रोजी माँट्रियल अरिना ही दोन्ही माँट्रियल संघांची रिंक जळाली, वाँडरर्स संघ तिथेच संपला, आणि कॅनेडियन्सने आपले सामने हलवले ते आठ वर्षांपूर्वी सगळ्या भांडणाचे कारण ठरलेल्या ज्युबिली रिंकमध्ये. १९१९ मध्ये तीही जळाली. तिच्या नोंदीपुढे हे वर्ष लिहावे आणि खाली रेघ ओढावी.